लिंबावरील नागअळी

लिंबू, मोसंबी, संत्रे यांच्या कोवळ्या पानाच्या आत राहून नागमोडी रेघा ओढणारी, एका चिमुकल्या पतंगाची अळी. पतंगाचे शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला, कुल ग्रॅसिलॅरिडी. स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचे पहिले वर्णन केले.

खानदेशात ‘नागअळी’ म्हटले की घोटाळा होतो. टोमॅटो, वाल, कपाशी यांच्या पानांवर अशाच रेघा काढणारी नागअळी ही पतंगाची नव्हे, माशीची अळी आहे. फरक साध्या डोळ्यांना दिसतो. लिंबाच्या पानातील बोगद्यात विष्ठेची काळसर रेघ मधोमध अखंड चालते. माशीच्या अळीची विष्ठा बोगद्याच्या दोन्ही कडांना आलटून पालटून तुकड्यातुकड्यांनी पडते. माशीची अळी कोषात जायला बहुधा पान सोडून मातीत उतरते, लिंबावरची अळी मात्र पान सोडतच नाही.

पतंग जेमतेम 2 मिमी लांब, पंख पसरले तरी 4–5 मिमी. रंग रुपेरी पांढरा, पुढच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका. तो संध्याकाळी आणि रात्री उडतो, त्यामुळे वर्षानुवर्षे बाग करणाऱ्यानेही तो पाहिलेला नसतो. ओळख असते ती रेघेशीच. मादी कोवळ्या पानावर, बहुधा खालच्या बाजूला शिरेजवळ, सुटे सुटे अंडे घालते. ते पाण्याच्या चपट्या थेंबासारखे दिसते. अळी अंड्यातून थेट पानात शिरते. तिला पाय नसतात. ती पानाच्या वरच्या पेशी कापून त्यांतला रस पिते, म्हणून वर नुसता पापुद्रा राहतो आणि गोगलगाय गेल्यासारखा चकाकता माग उमटतो. पान उन्हाकडे धरले तर रेघेच्या रुंद टोकाला पिवळसर चपटी अळी दिसते. अळीच्या चार अवस्थांपैकी पहिल्या तीन रस पितात. चौथी काही खात नाही. ती पानाच्या कडेला येऊन रेशीम विणते, कड दुमडते आणि त्या घडीत कोष करते. नखाने घडी उलगडली की तपकिरी कोष हाती लागतो. हवामानानुसार सारे चक्र 13 ते 52 दिवसांत पुरे होते.

या कीटकाला जून पान चालत नाही, त्यामुळे त्याचे वेळापत्रक झाडाच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर ठरते, आणि बागायती भागात नवती पाण्यावर. जळगाव जिल्ह्यात पाचोरा, भडगाव, जामनेर या तालुक्यांत लिंबू-मोसंबीच्या बागा आहेत. ताण (झाडाचे पाणी काही काळ बंद ठेवणे) तोडून बहाराचे पाणी दिले की फुलांबरोबर पालवी फुटते आणि पतंगाची सोय होते. पावसाळ्यातल्या दमट, उबदार हवेत पिढीवर पिढी निघते. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात, भुसावळकडे पारा 45 अंशांपुढे गेला की कीड ओसरते.

खरा फटका रोपवाटिकेला आणि लहान रोपांना बसतो; पाने आकसतात, शेंडा खुरटतो. मोठे झाड हे सोसते. तिथे रेघाळलेली पाने खुडत बसण्यात अर्थ नाही, कारण उरलेले हिरवे पान अन्न तयार करतच असते. अळीच्या जखमांमधून खैऱ्या या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर आत जातात. कागदी लिंबू खैऱ्याला सहज बळी पडते, म्हणून तेथे रेघेपेक्षा हे दुखणे भारी.

मूळचा दक्षिण व आग्नेय आशियातील हा पतंग 1993 मध्ये फ्लॉरिडात सापडला, त्याच वर्षी स्पेनमध्येही; पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीच्या बागा त्याने व्यापल्या. फ्लॉरिडात 1994 मध्ये त्याच्या मागावर एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही परोपजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली. तिच्या एका अंड्यापासून अनेक माश्या तयार होतात. खानदेशात बागेबाहेरही या पतंगाला जागा आहेत: परसातले लिंबू, देवळामागचा बेल आणि कुंपणाची कुंती.