फ्युशियावरच्या किडी आणि पानांचे रोग

फ्युशिया हे ओनाग्रेसी कुळातलं, शंभरावर जाती असलेलं फुलझाड. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, काही जाती न्यूझीलंड आणि ताहितीतल्या. बऱ्याचशा जाती डोंगरातल्या थंड, ओलसर आणि अर्ध्या सावलीच्या जागी वाढतात, त्यामुळे गरम कोरड्या हवेत किंवा कोंदट ग्रीनहाऊसमध्ये झाड आधी अशक्त होतं आणि मग त्यावर कीड बसते. पान खराब दिसलं की लगेच फवारणी करायची ही सवय इथे महागात पडते, कारण वेगवेगळ्या रोगांत पानं सारखीच पिवळी पडतात पण उपाय अगदी उलटे असतात, म्हणून बिघाड शेंड्याला आहे, पानाखाली आहे, पानाच्या कडेला आहे की मुळाशी आहे हे आधी बघायचं.

शेंडा बिघडला असेल तर सगळ्यात वाईट शक्यता म्हणजे फ्युशिया गॉल माईट, शास्त्रीय नाव अक्युलॉप्स फ्युशी. हा कीटक नाही, कोळ्याच्या वर्गातला पाव मिलिमीटरचा जीव आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, दिसतं ते त्याने केलेलं नुकसान: कोवळी पानं जाड होऊन मुरडतात, लालसर गाठी येतात, कळ्या वेड्यावाकड्या होतात आणि शेवटी शेंडा म्हणजे नुसता एक गोळा होऊन बसतो, फुलं येणं बंद. ब्राझीलमधून सापडलेल्या या माईटचं वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं, १९८१ मध्ये तो कॅलिफोर्नियात पोचला आणि तिथल्या बागांमधले फ्युशिया त्याने पार खराब केले, मग २००३ मध्ये फ्रान्स आणि २००७ मध्ये इंग्लंड. वाऱ्याने, मधमाश्यांनी, अमेरिकेत हमिंगबर्डमुळेही तो पसरतो, पण लांबच्या लांब उड्या मारतो त्या माणसांनी नेलेल्या कटिंगमधून, म्हणून बाहेरून आणलेली फांदी काही आठवडे वेगळी ठेवणं हे मला कुठल्याही औषधापेक्षा महत्त्वाचं वाटतं. माईट गाठींच्या आत आणि कळीच्या बेचक्यात लपलेला असल्याने घरगुती फवारे त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. बिघडलेला भाग चांगल्या फांदीपर्यंत खाली छाटायचा, जाळायचा किंवा पिशवीत बंद करून टाकायचा, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, आणि कात्री पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावायची. कॅलिफोर्नियात केलेल्या चाचण्यांमध्ये फ्युशिया बोलिव्हियाना, थायमिफोलिया, व्हेनुस्टा अशा जाती आणि बेबी चँग, मेंडोसिनो मिनी, स्पेस शटल यांसारखे काही वाण बरेच टिकले, उलट थंडी सोसणारी म्हणून सगळीकडे लावली जाणारी मॅगेलानिका मात्र सहज बळी पडते.

पानाखाली बघितलं की दोन नेहमीचे पाहुणे सापडतात. पांढरी माशी असेल तर झाड हलवल्यावर पांढरा धुरळा उडतो, खालच्या पानांवर चिकटा पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. पिवळे चिकट सापळे लावले की माशी आल्याचं लवकर कळतं. बंद ग्रीनहाऊसमध्ये एन्कार्सिया फॉर्मोसा ही बारीकशी गांधीलमाशी सोडतात, ती माशीच्या पिल्लांत अंडी घालते आणि ती पिल्लं काळी पडतात, इंग्लंडमध्ये १९२६ पासून ही पद्धत अभ्यासली गेली. लाल कोळी हा दुसरा, तो उन्हाळ्यात कोरड्या हवेत येतो, पानावर आधी बारीक फिकट ठिपके, मग पान तांबूस होऊन गळतं, फार झाला तर जाळंही दिसतं. त्याला मारायला साधं कीटकनाशक वापरलं तर कोळी खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी आणखी वाढतो, त्यापेक्षा पानाच्या खालून पाणी मारणं, सावली करणं आणि गरज पडली तर निंबोळी तेल, तेही संध्याकाळी आणि आधी एका फांदीवर मारून बघून, कारण भर उन्हात तेलाने पान भाजतं.

पानाखाली नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा. ही पक्सिनिअॅस्ट्रम एपिलोबी नावाची बुरशी, विलोहर्ब नावाच्या, फ्युशियाच्याच कुळातल्या तणावरही जगते, त्यामुळे युरोपात कुंडीभोवतीचं हे तण उपटणं हा उपचाराचाच भाग आहे. वरून पाणी घालायचं नाही, रोगट पानं गोळा करायची, कुंड्यांमध्ये हवा खेळू द्यायची, आणि करड्या बुरशीलाही, म्हणजे बोट्रायटिसला, हेच लागू.

पानाच्या कडेला अर्धगोल खाचा असतील तर रात्री फिरणारा व्हाइन वीव्हिल, काळा, न उडणारा सोंडकिडा. खाचांनी झाडाचं फारसं बिघडत नाही, खरा धोका कुंडीच्या आत असतो, मातीतली पांढरट, तपकिरी डोक्याची, बिनपायाची अळी मुळं खाते आणि झाड एक दिवस अचानक मान टाकतं, ओढलं तर हातात येतं. नराशिवाय मादी अंडी घालते, त्यामुळे एकच किडा आला तरी पुरे. युरोपात उन्हाळा संपताना मातीत या अळीला मारणारे सूत्रकृमी, म्हणजे सूक्ष्म जंत, सोडणं हा यावरचा चांगला उपाय, बाकी रात्री टॉर्च घेऊन किडे वेचायचे.

मान टाकलेलं प्रत्येक झाड मात्र किड्याचं नसतं, आणि आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या बाल्कनीत आणलेल्या फ्युशियाची गोष्ट बहुधा हीच असते: दुपारच्या उकाड्यात पानं लोंबतात, माणूस घाबरून पाणी घालतो, माती आधीच ओली असते, मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि मग खताची बाटली निघते. माती बोटाने तपासायची, ओली असेल तर फक्त सावलीत ठेवायचं, संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. उष्णता जास्त असेल तिथे ट्रायफिला गटातले वाण त्यातल्या त्यात टिकतात. फक्त जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी झाली तर मॅग्नेशियम कमी, नवी कोवळी पानं तशी झाली तर लोह कमी किंवा माती फार अल्कधर्मी.

मावा शेंडा खुडून किंवा पाण्याच्या धारेने जातो. शेंड्याच्या पानांना आधी बारीक ठिपके आणि पान मोठं होताना फाटकी भोकं पडली तर कॅप्सिड ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा किडा, घरातला ढेकूण नव्हे. आणि युरोपात रात्रीत पानंच्या पानं गायब झाली तर बोटाएवढी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली एलिफंट हॉक मॉथ या पतंगाची अळी शोधायची, ती विलोहर्बही खाते, तेव्हा औषध न मारता तिला उचलून जवळच्या विलोहर्बवर नेऊन ठेवावं.