अंगावर न उठणारं पित्त

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दाच्या माथी आपण भलतीच दुखणी मारून ठेवली आहेत. घशाशी आंबट आलं की पित्त झालं म्हणतो. ते असतं जठरातलं आम्ल. अंगावर लाल गांधी उठल्या की पित्त उठलं म्हणतो. ती करणी हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाची. यकृतात तयार होणाऱ्या खऱ्याखुऱ्या हिरवट-पिवळ्या पित्ताचा या दोन्हींशी फारसा संबंध नाही. आणि हे खरं पित्त जेव्हा खाज आणतं, तेव्हा अंगावर काहीच उठत नाही. म्हणून तर ते ओळखायला उशीर होतो.

गरोदरपणाचा सातवा-आठवा महिना लागलेला असतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळहातांना आणि तळपायांना खाज सुटते, मग ती अंगभर पसरते. दिवा लावून पाहावं तर कातडी स्वच्छ. असलेच तर स्वतःच्याच नखांचे ओरखडे. कुणाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं: पोट ताणतंय, खाज यायचीच, तेल लाव. पोटापुरतं हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण तळपाय कुठे ताणतात? हा एक प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारावा, एवढ्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

अशा खाजेमागे पुष्कळदा यकृत असतं. गरोदरपणात पित्ताचा प्रवाह मंदावण्याच्या या विकाराला डॉक्टर कोलेस्टॅसिस म्हणतात. तो समजून घ्यायचा तर आधी पित्ताम्लांची फेरी पाहायला हवी, आणि ती आहेच पाहण्यासारखी.

पित्ताम्लं म्हणजे शरीराने कोलेस्टेरॉलपासून घरीच बनवलेला साबण. जेवणातल्या तेला-तुपाचे बारीक थेंब करणं हे त्याचं काम. शरीरातला त्याचा एकूण साठा जेमतेम 2 ते 4 ग्रॅम, पण तो दिवसातून 6 ते 10 वेळा फिरवून वापरला जातो. यकृतातून आतड्यात उतरायचं, काम संपलं की लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शोषलं जायचं आणि रक्तावाटे पुन्हा यकृतात यायचं. प्रत्येक फेरीत सुमारे 95 टक्के माल परत मिळतो.

या फेरीतली सगळ्यात अवघड जागा म्हणजे यकृताच्या पेशीतून शेजारच्या सूक्ष्म पित्तनलिकेत जाण्याची. नलिकेत पित्ताम्लांची दाटी पेशीच्या आतल्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. पाणी चढावर चढवावं तसं त्यांना ऊर्जा खर्चून ढकलावं लागतं. हे काम पेशीच्या भिंतीत बसवलेला बीएसईपी नावाचा प्रथिनाचा पंप करतो. त्याच्या शेजारी एमडीआर3 हे दुसरं प्रथिन असतं, आणि मला त्याचं विशेष कौतुक वाटतं. साबण तो साबण. नुसता सोडला तर नलिकेच्या पेशींची स्निग्ध आवरणंच विरघळवून टाकील. एमडीआर3 नलिकेत स्निग्ध रेणू सोडत राहतं, पित्ताम्लं त्यांच्याशी गोळा होतात आणि भिंती वाचतात. या सगळ्यावर पेशीच्या केंद्रकात बसलेल्या एफएक्सआर नावाच्या प्रथिनाची नजर असते. पित्ताम्ल येऊन चिकटलं की साठा वाढतोय हे त्याला कळतं. मग तो नवं उत्पादन कमी करतो आणि पंपांची संख्या वाढवतो.

आता गरोदरपण. शेवटच्या तीन महिन्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन शिगेला पोचलेले असतात. त्यांची विल्हेवाट लावताना यकृत त्यांना सल्फेटसारखी शेपटं जोडतं. प्रोजेस्टेरॉनचे हे सल्फेट लावलेले अवशेष एफएक्सआरला नीट काम करू देत नाहीत, आणि इस्ट्रोजेनचे अवशेष पंपाच्या आड येतात. म्हणजे माल तुंबतो आणि तुंबल्याची वर्दी ज्याने द्यायची तोच गप्प. बहुतेक बायकांचं यकृत हे निभावून नेतं. काहींच्या एबीसीबी11 किंवा एबीसीबी4 या जनुकांत, म्हणजे बीएसईपी आणि एमडीआर3 या प्रथिनांच्या मूळ आराखड्यात, किंचित फरक असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण या महिन्यांत निभत नाही. आई किंवा बहिणीला हा त्रास झाला असेल तर शक्यता वाढते ती यामुळे. जुळी असली तर हार्मोन्स जास्त, म्हणून तेव्हाही वाढते. बाळंतपणात वार पडली की हार्मोन्स ओसरतात आणि खाज बहुधा काही दिवसांत जाते.

तुंबलेली पित्ताम्लं रक्तात उतरतात हे ठीक, पण त्याने खाज का यावी? 2019 मध्ये माणसाच्या खाजेच्या मज्जातंतूंवर एमआरजीपीआरएक्स4 नावाचा असा ग्राही, म्हणजे रसायनांची चाहूल घेणारं प्रथिन, सापडला, जो पित्ताम्लांनी चेतवला जातो. त्याआधी 2010 मध्ये ऑटोटॅक्सिन नावाच्या एन्झाइमकडे बोट दाखवलं गेलं होतं. पित्त तुंबून खाजणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं आढळलं. प्रोजेस्टेरॉनचे ते अवशेषही संशयितांत आहेत. एक मात्र पक्कं, की इथे मुख्य गुन्हेगार हिस्टामिन नाही. म्हणून पित्त उठल्यावर घेतो ती गोळी इथे झोप आणील, पण खाजेच्या मुळाशी पोचणार नाही. आणि खाज किती यावरून रक्तातल्या पित्ताम्लांचा आकडा किती हेही ओळखता येत नाही.

आकड्याला महत्त्व आहे ते बाळासाठी. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब असा: पित्ताम्लं 40 मायक्रोमोल प्रति लिटरपेक्षा कमी असताना बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण 0.13 टक्के, 40 ते 99 असताना 0.28 टक्के, आणि 100 किंवा त्याहून जास्त असताना 3.44 टक्के. म्हणजे बहुतेकींना घाबरण्याचं कारण नाही, पण आपण कोणत्या गटात आहोत हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. 100 च्या वर आकडा गेला तर ब्रिटनमधली प्रसूतितज्ज्ञांची संस्था 35 ते 36 आठवड्यांत प्रसूतीचा विचार करायला सांगते. पहिली तपासणी ठीक आली आणि खाज तशीच राहिली, तर ती पुन्हा करावी लागते. खाज आधी आणि आकडा मागाहून, असं होऊ शकतं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये.

खाज म्हणजे बाळाला दाट केस, असं सांगणारे भेटतात. केसांचा आणि खाजेचा काही संबंध नाही, पण या समजुतीपायी तपासणी लांबली तर नुकसान खरं असतं. ‘यकृत शुद्ध करणारी’ चूर्णं आणि काढे विकणाऱ्यांपासून तर या महिन्यांत लांबच राहावं. काम वाढलेल्या यकृतावर आणखी अनोळखी रसायनं लादायची कशाला?

डॉक्टर अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड देतात तेही एक पित्ताम्लच, पण सौम्य जातीचं. 2019 मध्येच प्रसिद्ध झालेल्या, 605 स्त्रियांच्या इंग्लंड-वेल्समधल्या चाचणीत त्याने बाळाचे धोके कमी झालेले दिसले नाहीत. खाज थोडी कमी झाली.

मग रात्र काढायची कशी? झोपेच्या सुमाराला हातापायांची कातडी तापते आणि ऊब खाजेला चेतवते. म्हणून खोली गार ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत, गार पाण्याने अंघोळ करावी किंवा पाय गार पाण्यात सोडून बसावं, ओलं फडकं गुंडाळावं. गारव्याची संवेदना मज्जारज्जूत खाजेचा निरोप अडवते. खाजवल्यावर बरं वाटतं तेही असंच, वेदनेने तो निरोप दाबला जातो म्हणून. पण त्यात कातडी फाटते. त्यापेक्षा तळव्याने दाबावं किंवा थोपटावं, नखं कापलेली असावीत. मेंथॉल घातलेलं साधं मलम डॉक्टरांना विचारून लावावं. यातलं काहीही रक्तातला आकडा खाली आणत नाही, पण न झोपलेल्या बाईला दोन तास झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पुरळ असेल तर प्रकरण वेगळं. पोटावरच्या ताणाच्या रेघांत सुरू होऊन बेंबी सोडून पसरणारं पुरळ बाळाला अपाय करत नाही. बेंबीपासून सुरू होऊन फोड येत असतील तर तो क्वचित होणारा, पण लवकर दाखवण्यासारखा आजार असू शकतो.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करून आकडे खाली आल्याची खात्री करून घ्यावी. पुढच्या खेपेला हा त्रास परत होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा नाव नोंदवतानाच सांगून ठेवावं. आणि गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधीही हे डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण इस्ट्रोजेन वारेतून आलं की गोळीतून, पंपाला दोन्ही सारखंच.