कोपो संकेतांक (शेवरले कॅमॅरो, १९६९)

कोपो म्हणजे ‘सेंट्रल ऑफिस प्रोडक्शन ऑर्डर’. नेहमीच्या यादीत नसलेली मागणी मुख्य कार्यालयाच्या मंजुरीने कारखान्यात धाडण्याची ही शेवरलेची पद्धत मुळात टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या, खास रंगाचे ट्रक अशा घाऊक कामांसाठी होती. कॅमॅरो या शेवरलेच्या स्पोर्टी गाडीएवढ्या आकाराच्या गाडीत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायला शेवरलेची मालक कंपनी असलेल्या जनरल मोटर्सची मनाई होती. शेवरलेचे व्हिन्स पिगिन्स आणि डॉन येन्को, फ्रेड गिब यांच्यासारखे विक्रेते यांनी १९६९ मध्ये याच वाटेने ४२७ घन इंचांचे इंजिन कॅमॅरोत आणले.

अशा प्रत्येक मागणीला संकेतांक असे. ‘९५६१’ म्हणजे बिडाचे, ४२५ अश्वशक्तीचे एल-७२ इंजिन. ‘९५६०’ म्हणजे ॲल्युमिनियमचे झेडएल-१. अशा अवघ्या ६९ कॅमॅरो झाल्या आणि त्यांतल्या ५० एकट्या गिबने मागवल्या होत्या. ‘९७३७’ने ताशी १४० मैलांचा स्पीडोमीटर आणि १५ इंची चाके मिळत.

अस्सल कोपो गाडी ओळखण्यात अडचण अशी, की हे आकडे गाडीवर कुठेच कोरलेले नसतात. चासी नंबर १२४३७९एन असा सुरू झाला, तर १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमॅरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोतील नॉरवुड कारखाना. ३०७ घन इंचांची साधी गाडी आणि झेडएल-१ इथवर अगदी सारख्याच दिसतात! बॉडीवरच्या पाटीवर रंग, आतली सजावट, बांधणीचा आठवडा कळतो; कोपो नाही.

खरा माग इंजिनावर लागतो. ‘टी०४१२एमएन’ म्हणजे टोनावांडा कारखाना, १२ एप्रिल, हाताने गिअर बदलायचे एल-७२. ऑटोमॅटिकसाठी ‘एमओ’, झेडएल-१साठी ‘एमएल’ आणि ‘एमएम’. इंजिन आणि गिअरबॉक्सवर चासी नंबराचा शेवटचा भागही ठोकलेला असतो. तो जुळायला हवा. तारखांचा क्रमही तपासावा: आधी ब्लॉकचे ओतकाम, मग इंजिनची जुळणी, शेवटी गाडी. मागच्या आसावर ४.१० गुणोत्तराची ‘बीई’ खूण शोधावी.

तरीही केवळ इंजिनावरच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नये. जुने आकडे घासून नवे ठोकता येतात. कारखान्याची बिल्ड शीट (गाडीच्या बांधणीचा तपशील असलेला कागद), वॉरंटी पुस्तिकेतली धातूची पट्टी किंवा विक्रेत्याचे मूळ बिल हाती आले, तरच गाडीची ओळख भक्कम होते. कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी तिथल्या जनरल मोटर्सने जपल्या आहेत.