बिनलग्नाच्या नात्याला कायद्याचं संरक्षण: सुरुवात दुसऱ्या बायकांपासून

घोडबंदर रोडला किंवा खारघरला भाड्याने घर बघणाऱ्या जोडप्याला एजंट बजेटच्या आधी "मॅरीड ना?" एवढं विचारून घेतो. सोसायटीच्या कमिटीतल्या अनेकांना लिव्ह-इन हे ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांबरोबर आलेलं खूळ वाटतं. कायद्यातली गोष्ट मात्र त्या तरुणांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते फसवल्या गेलेल्या दुसऱ्या बायकांपासून, आणि त्यातले दोन मोठे खटले महाराष्ट्रातलेच आहेत.

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधल्या द्विभार्या प्रथेला बंदी केली. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही ती बंदी आली. तरी पहिलं लग्न लपवून दुसरं लावणारे थांबले नाहीत. १९८८ च्या 'यमुनाबाई' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पहिली बायको असताना केलेली दुसरी ही 'पत्नी' नव्हे, म्हणून तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तिला पोटगी नाही. पहिल्या लग्नाचा तिला पत्ताच नव्हता, हा मुद्दाही चालला नाही. लबाडी नवऱ्याची, भुर्दंड बाईला!

फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये सुचवलं की बराच काळ पत्नीसारखी राहिलेली स्त्रीही पोटगीच्या व्याख्येत घ्यावी. त्याच धर्तीवर २००८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कलम १२५ च्या दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर केला, 'लिव्ह-इनला मान्यता' म्हणून गदारोळ झाला, पण कायदा काही झाला नाही.

खरा फरक पडला तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. त्यात 'विवाहसदृश' नातंही आलं. म्हणजे काय, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'वेलुसामी' निकालाने ठरवलं: दोघं सज्ञान, लग्नाला पात्र (म्हणजे आधीचं लग्न चालू नसलेले), आपखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले आणि समाजात जोडपं म्हणून वावरणारे. 'पात्र' या अटीमुळे फसवली गेलेली दुसरी बाई पुन्हा बाहेरच राहत होती. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१३ च्या 'बादशाह' निकालाने, निदान पोटगीपुरतं, तिला आत घेतलं. पहिलं लग्न लपवणाऱ्याला त्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

एकत्र राहणं सिद्ध करायला कागद लागतात. म्हणून भाडेकरारावर दोघांचीही नावं असलेली बरी. एजंट 'एकाचंच टाकू, सोपं पडेल' म्हणाला तरी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तो कागद कामाला येतो. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात तसं काही नाही.

वारसाहक्काचं कोडं मात्र कायम आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या वारसांच्या यादीत लिव्ह-इन जोडीदार नाही. वाशीतला फ्लॅट एकाच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तो आई, भावंडं अशा कायदेशीर वारसांकडेच जातो.