तीन बस एकदम का येतात?

‘ड्रायव्हर गप्पा मारत एकत्रच निघतात’ हा बसथांब्यावरचा लाडका समज. डेपोतून बस वेळेवर सुटल्या तरी पुढे जोडी जमतेच.

समजा, दर 10 मिनिटांनी बस आहे. थांब्यावर मिनिटाला 2 प्रवासी येतात आणि चढायला प्रत्येकी 3 सेकंद लागतात. सिग्नलवर 3 मिनिटं अडकलेल्या बसला 20 ऐवजी 26 जण भेटतात: 60 ऐवजी 78 सेकंद. मागचीला 14च, म्हणजे 42 सेकंद. एका थांब्यात अंतर 36 सेकंदांनी घटलं! सात-आठ थांब्यांत मागची पुढचीला गाठते, तीही निम्मी रिकामी.

पुढच्या ड्रायव्हरला ‘दामटव’ म्हणून उपयोग नाही. वेळ दारात जातो. मधल्या कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे बसच्या वेळा तपासतात त्या थांब्यावर, मागचीला दोनेक मिनिटं रोखावं. आतले प्रवासी कुरकुरणार, हे धरूनच.