संगणक प्रणाली अभियंता

संगणक प्रणाली अभियंता : संस्थेचे सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर यांची जुळणी करून ती सारी यंत्रणा चालती ठेवणारा तंत्रज्ञ. सॉफ्टवेअर लिहिणे हे प्रोग्रॅमरचे काम. तेच सॉफ्टवेअर हजारो जण एकाच वेळी वापरू लागले की ते कोलमडू नये, त्यातली माहिती हरवू नये आणि भलत्याच्या हाती पडू नये, ही जबाबदारी प्रणाली अभियंत्याकडे येते. पदनामे मात्र सैल आहेत. एका कंपनीतला ‘सिस्टिम्स इंजिनिअर’ दुसरीकडे ‘सिस्टिम ॲडमिन’ असतो, तिसरीकडे ‘इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनिअर’. त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीत पदापेक्षा कामाचे वर्णन नीट वाचावे.

संगणक एका वेळी एकाचेच काम करत होता, तोवर त्याला ऑपरेटर पुरत असे. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली आणि एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागले. मग कोणाला किती जागा द्यायची, कोणाच्या फायली कोणी उघडायच्या, हे प्रश्न आले; पासवर्डही त्याच प्रणालीत आले. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात झाली, १९९१ मध्ये तिच्याच धर्तीचे लिनक्स आले. आज जगातल्या बहुसंख्य वेब सर्व्हरवर लिनक्स किंवा युनिक्सच्या कुळातली प्रणाली चालते, आणि या व्यवसायातल्या माणसाचा बराचसा दिवस काळ्या पडद्यावर कमांड देण्यात जातो.

कामाचे मोजमाप ‘उपलब्धता’ या आकड्याने होते. वर्षभरात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद, ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटे, ९९.९९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे. कागदावर एक नऊ वाढवायला काही लागत नाही. प्रत्यक्षात त्या एका नवासाठी वीजपुरवठा दुहेरी लागतो, नेटवर्कचे मार्ग दोन लागतात, दुसऱ्या ठिकाणी यंत्रणेची जिवंत प्रत ठेवावी लागते. सव्वापाच मिनिटांत तर झोपेतून उठून लॅपटॉप उघडणेही होत नाही; तेव्हा बिघडलेले यंत्र बाजूला काढून दुसरे पुढे आणणे यंत्रणेला आपोआप जमले पाहिजे. वरिष्ठ अभियंत्याचे खरे कसब अनेकदा ‘इतके नऊ तुम्हाला लागतच नाहीत’ हे व्यवस्थापनाला पटवून देण्यात असते.

बॅकअपविषयी, प्रोग्रॅमरांचे कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचे उदाहरण या क्षेत्रात अजून सांगितले जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री डेटाबेसची दुय्यम प्रत मुख्य प्रतीशी जुळेना. दुय्यम सर्व्हरवरची फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करायची असे ठरले, पण पुसण्याची कमांड दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० जीबींतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पद्धती अनेक होत्या. रोजचा बॅकअप मात्र डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या साधनामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे सांगणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवले ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणीच्या माहितीच्या प्रतीने. कंपनीने हा सारा प्रकार उघडपणे लिहून प्रसिद्ध केला, ही तिची मोठी गोष्ट. परत भरून पाहिलेला नाही तो बॅकअप बॅकअपच नव्हे, असे अनुभवी मंडळी म्हणतात ते अशाच प्रसंगांमुळे.

पाळीपाळीने ‘ऑन-कॉल’ राहणे, म्हणजे कामाच्या वेळेबाहेरही बिघाडाच्या फोनला तयार असणे, हा या नोकरीचा भाग आहे. मध्यरात्री फोन वाजतो आणि बऱ्याचदा कारण फुटकळ निघते. निरुपयोगी अलर्टची संख्या वाढली की माणसे ते वाचेनाशी होतात आणि खरा अलर्ट त्यातच बुडतो. म्हणून अलर्ट लावण्याइतकेच ते काढून टाकणेही महत्त्वाचे. मुलाखतीत ऑन-कॉलची पाळी किती दिवसांनी येते आणि तिचा मोबदला काय, हे विचारायला संकोच करू नये.

संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हा नेहमीचा मार्ग. तरी पदविका घेऊन सपोर्ट डेस्कवरून वर आलेलेही पुष्कळ आहेत. नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए, लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए आणि आरएचसीई ही प्रमाणपत्रे परिचित आहेत. यांपैकी रेड हॅटच्या परीक्षांत पर्याय निवडायचे नसतात, चालू यंत्रावर काम करून दाखवायचे असते. मुलाखतीतला एक जुना प्रश्न असा : डिस्कवर निम्मी जागा मोकळी दिसते, तरी नवी फाइल बनत नाही आणि ‘जागा संपली’ असा संदेश येतो. का? एक उत्तर असे की आयनोड, म्हणजे डिस्कवर फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, संपले असावेत. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि कुठल्यातरी प्रोग्रॅमने लाखो चिमुकल्या फायली साठवून ते खाऊन टाकलेले असतात. हे नुसत्या वाचनाने लक्षात राहत नाही. जुन्या लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक) उभी करून ती मुद्दाम बिघडवावीत.

२००६ मध्ये ॲमेझॉनची ईसीटू सेवा सुरू झाली आणि यंत्रे विकत घेण्याऐवजी तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळू लागली. २०१३ मध्ये प्रोग्रॅम त्याच्या साऱ्या गरजांसह एका डब्यात बांधून चालवणारे डॉकर, २०१४ मध्ये असे अनेक डबे सांभाळणारे कुबरनेटीस आले. सर्व्हरची मांडणीही आता कोडसारखी लिहून, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवतात, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिता न येणाऱ्याचा निभाव लागणे अवघड झाले आहे. या कामाला सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची शिस्त लावण्याचा प्रयोग गूगलने २००३ च्या सुमारास केला, त्यातून ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअर’ हे पद आले. क्लाउडमुळे, म्हणजे अशा भाड्याच्या यंत्रांमुळे, रॅकमध्ये यंत्रे बसवणे अनेकांचे सुटले, पण महिन्याचे बिल का फुगले हे शोधण्याचे नवे काम मागे लागले.

या व्यवसायात आज शिरणाऱ्यांपुढे एक काम तारखेसह वाढून ठेवलेले आहे. युनिक्सच्या कुळातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांची ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये जाऊन पडते. नव्या प्रणालींनी ६४ बिटांची मोजणी घेतली आहे; कारखान्यांतल्या नियंत्रकांत आणि जुन्या फाइल-नमुन्यांत ३२ बिटांचे घड्याळ कुठेकुठे उरले आहे, हे मात्र यंत्रणा एकेक करून तपासावे लागते.