बॉटचा कमिट आणि कधीच न येणारी हिरवी खूण

गेल्या काही वर्षांत गिटहबवर (टीम मिळून कोड ठेवते ती जागा) हे दृश्य अनेकांनी पाहिलंय. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, हिरवीगार आहे. टेस्ट पास, लिंट (कोडच्या शैलीची तपासणी) पास, रिव्ह्यूही झालेला. तेवढ्यात फॉरमॅटिंगचा वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामांची मालिका) दोन ओळींतल्या स्पेस सारख्या करतो, बॉटच्या नावाने एक कमिट (बदलाची नोंद) पुश करतो, म्हणजे गिटहबवर पाठवतो, आणि मर्जचं (बदल सामील करण्याचं) बटण बंद पडतं. चेकसमोर पिवळा ठिपका आणि 'एक्स्पेक्टेड, वेटिंग फॉर स्टेटस टु बी रिपोर्टेड' एवढीच ओळ. लाल कुठेच काही नाही. लॉग उघडावा, तर मुळात रनच झालेला नाही.

पहिल्यांदा असं झालं की सीआय (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) बिघडलं असंच वाटतं. प्रत्यक्षात वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारणांनी घेतलेले दोन शहाणे निर्णय इथे एकमेकांना आडवे गेलेले असतात.

पहिला निर्णय गिटच्या, म्हणजे गिटहबच्या मुळाशी असलेल्या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या स्वभावातून आला. २००५ पासून गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेला ४० अक्षरी हॅश. एक स्वल्पविराम बदला, हॅश वेगळा. २०१२ मध्ये गिटहबने स्टेटस एपीआय (सीआयने निकाल कळवण्याची सोय) दिला, तेव्हा सीआयचा निकाल ब्रँचला (कोडच्या शाखेला) न चिकटवता या हॅशला चिकटवला. योग्यच होतं ते. जे तपासलं तेवढंच पास. पण तेव्हा हा निकाल सल्ल्यापुरता होता, लाल असतानाही मर्ज करता यायचं. २०१५ मध्ये प्रोटेक्टेड ब्रँच आल्या आणि सल्ल्याचा नियम झाला: नेमलेले चेक टोकाच्या, म्हणजे सर्वांत शेवटच्या, कमिटवर पास दिसल्याशिवाय मर्ज नाही. मेख इथेच आहे. नापास निकाल जसा अडवतो, तसाच न आलेला निकालही अडवतो.

त्या काळात सीआय गिटहबच्या बाहेर राहायचं. जेनकिन्स असो वा ट्रॅव्हिस, पुश झालं की वेबहुक (आपोआप जाणारी सूचना) जायचा आणि बिल्ड सुरू व्हायचा. पुश माणसाने केलं की स्क्रिप्टने, याची कुणाला पर्वा नव्हती. धोका उलटा होता. बिल्डने आवृत्तीचा आकडा वाढवून कमिट करायचा, त्या कमिटने पुन्हा बिल्ड सुरू व्हायचा, आणि सकाळी येऊन बघावं तर रात्रभर आकडा वाढतोच आहे. असा फेरा टाळायला कमिटच्या संदेशात चौकटी कंसात 'स्किप सीआय', म्हणजे या कमिटवर बिल्ड नको, असं लिहायची रीत होती.

दुसरा निर्णय या फेऱ्यावरचा उतारा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये गिटहब ॲक्शन्स सर्वांसाठी खुलं झालं आणि सीआय घरातच आलं. वर्कफ्लोतल्या प्रत्येक जॉबला (कामाला) आपोआप एक टोकन, म्हणजे गिटहबवर काही करण्याची किल्ली, मिळू लागलं, जॉब संपला की बाद होणारं. त्या टोकनने केलेल्या पुशमुळे नवा वर्कफ्लो सुरू होणार नाही, असं ठरलं. फेरा मुळातच तुटला. पण बॉटचा कमिट टोकावर बसला, त्याचा हॅश नवा, त्याच्यासाठी रन नाही, आणि २०१५ चा नियम मात्र त्याच हॅशवर निकाल मागत उभा.

मग जुगाड सुरू झाले. पुल रिक्वेस्ट बंद करून पुन्हा उघडा, हाताने रिकामा कमिट टाका (हा मीही कितीदा केलाय), नाहीतर कुणाचं तरी पर्सनल ॲक्सेस टोकन (त्याच्या खात्याची किल्ली) सीक्रेट्समध्ये, म्हणजे गुप्त सेटिंग्जमध्ये, ठेवा. हा शेवटचा उपाय मला सगळ्यात वाईट वाटतो: ज्याचं टोकन तो टीम सोडून गेला की रिलीज थांबतं, आणि कारण शोधायला अर्धा दिवस जातो. गिटहब ॲपचं टोकन त्यापेक्षा बरं; ते कुणा एकाच्या खात्यावर अवलंबून नसतं आणि त्याने केलेल्या पुशवर वर्कफ्लो चालतो.

२०२१ मध्ये 'स्किप सीआय' ॲक्शन्समध्येही आलं आणि जुनी रीत नव्या नियमावर आदळली. रन टाळला म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे पिवळा ठिपका. पाथ फिल्टरने (ठरावीक फाइल बदलल्या तरच चालवण्याच्या अटीने) अख्खा वर्कफ्लो वगळला तरी तेच. गंमत अशी, की वर्कफ्लो सुरू होऊन आतला जॉब 'इफ'च्या अटीने वगळला गेला, तर तो पास धरला जातो.

२०२३ मध्ये मर्ज क्यू (पुल रिक्वेस्ट रांगेने तपासून मर्ज करण्याची सोय) चाचणीच्या टप्प्यातून बाहेर आली. तिथे तपासला जाणारा कमिट गिटहबच तात्पुरत्या ब्रँचवर तयार करतं. या वेळी वर्कफ्लोला जागं करणारा इव्हेंट (संकेत) मात्र सोडला जातो, 'मर्ज ग्रुप' नावाचा. वर्कफ्लोच्या 'ऑन'खाली (कोणत्या इव्हेंटवर चालायचं त्या यादीत) तो लिहायचा राहिला, की रांगेतली पुल रिक्वेस्ट त्याच पिवळ्या ठिपक्यापाशी अडकते.